लोखंडाचा जावई

पौष, सोमवार

मार्तंड मास्तरनं ही वही दिली. म्हणाला, "आजी, तुमच्या ओव्या यात लिहून ठेवा. नाहीतर तुमच्याबरोबरच जातील." मी म्हणलं, कुठं जातील? मी संगं काही न्यायची नाही. लहानपणी मठातल्या स्वामींनी चार अक्षरं गिरवून घेतली होती, त्याच्यावर मी लिहायची. काना-मात्रा चुकल्या तर मास्तरनं नीट कराव्या. तेवढंच त्याला काम.

वर साल घाल म्हणाला. फसली तेराशे अठ्ठेचाळीस. गाव चुडावा. नाव भागम्मा. झालं.

ओव्या काही लिहायची नाही. ओवी जात्याचा खुंटा हातात असला म्हणजे येते, टाक धरून येत नाही. पण कागद कोरा आहे, वाया कशाला घालवायचा, म्हणून घरचं लिहिते.

माझ्या लेकानं, चंद्रप्पानं, पिठाची गिरणी काढायचं ठरवलंय. ठरवलं त्यानं, डोक्यात घातलं मी. आधी म्हणला, "माय, पेठेतलं दुकान बरं चाललंय, ही पीडा कशाला?" मी म्हणलं, "काढ." सुनेला, उमादेवीला, सातवा लागलाय. तिची आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच. जात्याला मी तिला हात लावू देत नाही. का म्हणून विचारलं. मी म्हणलं, "लावायचा न्हाई म्हणजे न्हाई." आताच्या पोरींना प्रत्येक गोष्टीला का लागतं.

पौष, गुरुवार

इंजन आलं. सगळं गाव ठेसनावर. पेढ्यासारखं गोल गोल मोठं चाक, वर धुराडं, आणि अंगाला काळं तेल. बायनाबाई शेजारीण म्हणली, "अगं बाई, ह्याला डोळेच न्हाईत." मी म्हणलं, "तुला दोन हायेत, काय दिवे लावलेस?" पण खरं सांगायचं तर मीही बघत राहिले. माणसानं केलेलं एवढं मोठं आणि एवढं गप काही मी पाहिलं नव्हतं.

मास्तर शेजारी उभा. म्हणाला, "आजी, जुने कवी डोंगर बघून, नदी बघून थक्क व्हायचे. नवे कवी यंत्र बघून थक्क होतात. मला मात्र यंत्र म्हणजे राक्षस वाटतो. पहाटेची जात्याची घरघर बंद होणार. केवढं काव्य जाणार!"

मी म्हणलं, "मास्तर, ती घरघर तुमाला अंथरुणात ऐकू येती. मला हातात येती."

गाडीतून उतरवताना हमालांच्या हातून सुटलं. परभणीहून आलेला मिस्त्री, लिंबाजी, वाकून बघायला लागला, चाचपलं, आणि कपाळाला हात लावला. "ह्याचं मुंडकं चिरलं, चंद्रप्पा. नवं मुंडकं आणल्याबिगर हे जागचं हालायचं न्हाई." मुंडकं म्हणजे इंजनाचं वरचं झाकण, लोखंडी. आत जाळ होतो, त्याच्यावर बसतं. सिकंदराबादहून मागवायचं ठरलं.

म्हणजे बैलगाडीत घालून आणलं ते बिनमुंडक्याचंच. घरात एक माझा लेक होताच, आता दोन झाले.

पौष, शनिवार

पहाटे बायनाबाईबरोबर दळायला बसले. ती चिडवायलीय, "गिरणी आली की तुमच्या ओव्या कोण ऐकल, भागम्माकाकू?" मी तिथंच जोडली:

लोखंडाचा जावई, आगीनगाडीतून आला।
मुंडासं देते म्हणलं, मुंडकंच दे म्हणाला॥

बायनाबाई हसून हसून खुंटा सोडून बसली. खरंच की, जावई रुसला म्हणजे मुंडासं मागतो, शालू मागतो. हा पठ्ठ्या मुंडकं मागतो. बऱ्याच दिवसांनी एक चांगली ओवी झाली. उमादेवी आतल्या खोलीत होती, तिला दाराआडून हाक मारून विचारलं, ऐकली का. ती नुसती कण्हत होती. पाय चेपून घे म्हणलं तर नको म्हणली.

मास्तर संध्याकाळी आला, ओवी ऐकून नाचलाच. लिहून घेतली. शाळेत पोरांना म्हणायला लावतो म्हणाला. लाव म्हणलं.

पौष, मंगळवार

उमादेवीला दूध वाढवलं. सकाळी एक तांब्या, रात्री एक. तूप, खारीक, डिंक. "एवढं कशाला, आत्याबाई?" म्हणली. मी म्हणलं, "अंगावर मांस पाहिजे तुझ्या." रोज ऊन पाण्यानं आंघोळ घालते, अंगाला तेल लावते. हिरवं लुगडं काढून ठेवलंय. चंद्रप्पाला तिच्या देखत सांगितलं, गिरणी सुरू होईल त्या दिवशी इंजनाजवळ पहिल्यांदा उमादेवीनंच जायचं. पहिलं दळण तिच्या हातून पडलं पाहिजे. ही गिरणी तिच्यासाठी आहे.

पोरीचा चेहरा पांढरा पडला. सातव्या महिन्यात असं होतं.

माझी पहिली पोर जात्यावरच गेली. मला आठवा महिना होता, सणाचं दळण होतं, सासू म्हणली उरक. उरकलं. आता हे उमादेवीला कशाला सांगायचं, भरल्या पोटी?

माघ, बाजाराचा दिवस

गावात काहीतरी शिजायलंय. गिरणीवरून पोरं पळत जातात, थांबत नाहीत. बायनाबाईनं नातवाला माझ्या अंगणात खेळायला पाठवलं नाही. विचारलं तर म्हणली, "खोकला हाय त्याला." तो समोरच बोरीवर चढलेला.

शेवटी कुंभाराच्या म्हातारीनं तोंडावर सांगितलं. इंजनाला बळी पाहिजे म्हणे. मुंडकं दिल्याबिगर ते चालत नाही, मिस्त्रीच म्हणला, शंभर माणसांनी ऐकलं. नदीवर पूल बांधले तेव्हाही असंच दिलं होतं म्हणे.

मी म्हणलं, "म्हातारे, आमच्या गळ्यात लिंग हाय. रोज तळहातावर घेऊन पुजतो. आमच्या घरात अंडं फुटत न्हाई, आन् आमी मुंडकं देणार?"

ती म्हणली, "मग लिंबाजी शेंदूर कशाला मागायलाय?"

घरी येऊन विचारलं. खरंच मागवलाय. शेंदूर आणि जवसाचं तेल. इंजनाच्या सांध्याला लिंपतात, धूर बाहेर येऊ नये म्हणून. लिंबाजी म्हणला, "आजी, आमच्या कामात शेंदूर लागतोच की." मी म्हणलं, "बाबा, चुन्यानं लिंप, शेणानं लिंप, पण शेंदूर नको." म्हणला, "चुन्यानं उडून जाईल."

हे कुणी पसरवलंय ते मला शोधून काढायचंय. सापडलं की त्याची जीभ हातात देईन.

माघ, गुरुवार

सकाळी उठले तर उमादेवी घरात नाही. हिरवं लुगडं घडी घालून देवळीत ठेवलेलं. चंद्रप्पा ठेसनावर पळाला. तिकीटबाबू म्हणला, पिंगळीचं तिकीट काढलं, एकटीच होती, डोक्यावरून पदर घेतलेला. पिंगळीला तिची मावशी आहे, चतुराबाई.

चंद्रप्पा म्हणतो, "माय, तू काही बोललीस का तिला?"

मी काय बोलायचं? दूध पी म्हणलं.

माघ, शुक्रवार

पिंगळीहून निरोप आला. चतुराबाईनं गाडीतल्या माणसाकडं सांगून पाठवलंय, इंजन गावाबाहेर फेकेस्तोवर पोर परत येणार नाही. बाळंतपण इथंच करीन. आणि त्या म्हातारीनं इथं पाऊल टाकलं तर पाय मोडीन. म्हातारी म्हणजे मी.

चंद्रप्पा दोन्ही हात डोक्याला लावून बसला. "गिरणी नको, माय. विकून टाकतो." मी म्हणलं, "आधी पिंगळीला जाऊन येते. माझे पाय मोडायला चतुराबाईला चार बाया लागतील."

माघ, रविवार

पिंगळीला गेले. चतुराबाईच्या वाड्याच्या दाराशी पोचले तर आत दोन बाया दळायला बसलेल्या. दार ढकलायचं तर आतून ओवी ऐकू आली:

लोखंडाचा जावई, आगीनगाडीतून आला।
पहिलं गं मुंडकं, सुनेचं दे म्हणाला॥

मी दाराची चौकट धरली.

चाल माझी. पहिला चरण माझा. मुंडासं गळून पडलं होतं. त्या जागी सून आली होती. ह्या बाया चुडाव्यात कधी आल्या नसतील. माझी ओवी माझ्याआधी आगीनगाडीनं पिंगळीला पोचली होती.

उमादेवी आतून आली. पोट चांगलं पुढं आलंय. म्हणली, "आत्याबाई, ही ओवी तुमची हाय. दाराआडून ऐकवली होती मला, ऐकली का म्हणून विचारलं होतं. मग दूध पाजलंत. तेल लावलंत. हिरवं लुगडं काढलंत. इंजनाजवळ पहिली मीच जायची म्हणलंत. बकऱ्याला असंच करतात. आमच्या शेजारी धनगराच्या घरी मी बघितलंय."

चतुराबाई हातात मुसळ घेऊन उभी. "बोला की आता."

बोलायचं होतं. जात्यावर गेलेली पोर सांगायची होती. एवढंच म्हणलं, "तू दळू नयेस म्हणून गिरणी काढली."

"मग तसं सांगायचं होतं."

"त्यात सांगायचं काय?"

तिनं दार लावून घेतलं. हळूच लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

माघ, सोमवार

मास्तरला बोलावलं. शाळेत पोरांना ओवी म्हणायला लावली ती बंद कर म्हणलं. तो म्हणाला, "आजी, बंद केलीच आहे. पण आता पोरं माझ्यामागं म्हणत नाहीत, माझ्याआधी म्हणतात." आणि खाली मान घालून, "मला ती फार आवडली होती. लोककल्पनेतला यंत्राविषयीचा आदिम विस्मय."

मी म्हणलं, "मास्तर, त्यात विस्मय न्हाई, विनोद होता. तुमाला दोन्हीतला फरक कळत न्हाई, म्हणून तुमी कवी."

तो म्हणाला, "मग आपण लोकांना समजावून सांगू. सभा घेऊ."

कोण ऐकणार? माझी ओवी खोटी, असं मी म्हणलं तर म्हणतील घाबरली. ओवीला उत्तर ओवीच देते. आणि ती काही येत नाही. आज जात्यावर एकटीच बसले. बायनाबाई आली नाही. एकटीच्या हातानं जातं वळत नाही, ओवी काय वळणार?

माघ, बुधवार

नवं मुंडकं आलं. परवा विकायला निघालेल्या चंद्रप्पाचा उत्साह बघा, फलाटावरून ओरडला, "आलं! मुंडकं आलं!" गोणपाटात, गवतात गुंडाळलेलं. हमालानं उचलायला नकार दिला. गोणीला एका बाजूला तांबडा डाग, सिकंदराबादच्या रंगाचा. बघणाऱ्या बायांनी पोरं छातीशी धरली. लिंबाजी म्हणला, शनिवारी बसवून इंजन सुरू करतो.

रात्री गिरणीच्या पत्र्यावर दगड पडले. चंद्रप्पा तिथंच झोपतो आता.

माघ, गुरुवार

चावडीवर बोलावणं आलं. जमादार म्हणला, शनिवारी इंजन सुरू केलं आणि बलवा झाला, दंगा झाला, तर गिरणीला कुलूप आणि चंद्रप्पाला कैद. गावातले माळी, कुंभार, धनगर सगळे कुऱ्हाडी घेऊन येणार म्हणतात. आमच्या पोरांना धरायच्या आधी इंजनाचा खुळखुळा करू म्हणतात. त्यांची चूक नाही. माझ्या पोराचं मुंडकं कुणी मागितलं तर मी कुऱ्हाडीची वाट बघितली नसती.

चंद्रप्पा म्हणतो, शनिवार रद्द करू. मी म्हणलं, रद्द केलं तर ते खरंच होतं म्हणतील. मग उमादेवी जन्मात येत नाही.

पेटी उघडली. ह्यांचं लग्नातलं मुंडासं तळाशी होतं, तांबडं, जरीच्या काठाचं. ते गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. कसर लागली नव्हती. उन्हात टाकलं.

ओवीतलं जे गळालं ते परत घालायचं. मग बघू.

माघ, शनिवार

उजवं मनगट सोललंय, अक्षर वाकडं येईल.

गिरणीसमोर सगळं गाव. मागच्या रांगेत कुऱ्हाडी होत्या, मी बघितल्या. जमादार झाडाखाली खाटेवर. लिंबाजीनं मुंडकं बसवलं, शेंदूर लिंपला. शेंदूर दिसल्याबरोबर बाया कुजबुजायला लागल्या. एकजण ओरडला, "कुणाला द्यायलाव सांगा!"

मी पुढं गेले. कपाळाला विभूती लावली होती, डोक्यावरचा पदर खोचला होता. म्हणलं, "गप बसा. ओवी माझी हाय. अर्धीच ऐकून तुमी गावभर केली. जावई रुसलाय मुंडाशासाठी. ते आणलंय."

आणि इंजनाच्या मुंडक्याला ह्यांचं मुंडासं बांधलं. चार फेरे घेतले, शेमला मागं सोडला, अगदी नवरदेवासारखा. बायनाबाई पहिल्यांदा हसली. एक हसली की दुसरी हसते. कुऱ्हाड घेतलेला धनगरही हसला.

लिंबाजी घाबरा झाला. "आजी, काढा ते. चाक फिरतं तिथं कापूड चालत न्हाई. तापल्यावर जळल बी." मी म्हणलं, "तुझं काम कर." मला वाटलं, दोन घटका राहील, लोक बघतील, मग काढू. यंत्राचं मला काय कळतं, पण तेव्हा मला वाटलं कळतं.

चाक फिरवलं. एकदा. दोनदा. मग आतून असा आवाज आला, जणू जमिनीच्या पोटात कुणी टाळी वाजवली. धुराड्यातून धूर. चाक आपलं आपण फिरायला लागलं. कुणाचा हात नाही, बैल नाही, वारा नाही. मास्तरचं तोंड उघडं. ह्याच्यावर तो उद्या कविता करणार हे मला तिथंच कळलं. राक्षस म्हणायचा तोच.

थरथरून मुंडाशाचा शेमला सुटला. चाकाकडं सरकला. चाकानं धरला.

ह्यांचं मुंडासं. मी विचारच केला नाही, शेमला हातात धरला आणि ओढला. चाकानं मला ओढलं. कापड मनगटाला गुंडाळलं गेलं. माझं डोकं त्या चाकाकडं जायला लागलं, आणि मला बायका किंचाळलेल्या ऐकू आल्या, "घ्यायलंय! घ्यायलंय!"

पाठीमागून कुणीतरी माझ्या कमरेला विळखा घातला. सोड, सोड, असं कानाशी ओरडलं. मी मूठ उघडली. मनगटावरनं कापड सरसर निघालं, कातडं घेऊन गेलं. आम्ही दोघी मागं पडलो, मी तिच्यावर पडले नाही हे शिवाचं देणं.

उमादेवी होती. चतुराबाईबरोबर सकाळच्या गाडीनं आली होती, मागं उभी होती. इंजन फुटताना बघायला आले होते, असं नंतर म्हणली.

इंजनानं मुंडासं गिळलं. चार चिंध्या बाहेर टाकल्या. लिंबाजीनं इंजन बंद केलं.

उमादेवी उठून बसली, धापा टाकत, एक हात पोटावर, आणि भर गावात, जमादारासमोर, माझ्यावर ओरडली, "आत्याबाई, तुमच्या मुंडक्यात काय भुसा भरलाय काय?"

सासूला सुनेनं असं बोललेलं ह्या गावात कुणी ऐकलं नसेल. मी ऐकून घेतलं.

मग बायनाबाईनं तोंड उघडलं. ह्या बाईनं जन्मात एक ओवी धड केली नव्हती. आज केली, ती पण हुंदक्यातून:

लोखंडाचा जावई, मुंडासं खाऊन धाला।
मुंडकं नको आता, दळण द्या म्हणाला॥

लोक तिच्यामागं म्हणायला लागले. कुऱ्हाडी खाली गेल्या. जमादार खाटेवरून उठला, जांभई दिली न् घोड्यावर बसला.

माघ, रविवार

लिंबाजीनं इंजनाच्या पोटातून चिंध्या काढल्या. जरीचा एक तुकडा मिळाला, तो धुऊन ठेवला. बाळाच्या टोपड्याला होईल.

मनगट सुजलंय. उमादेवीनं हळद लावून बांधलं. बांधता बांधता म्हणली, "आता तरी सांगा. मी दळू नये, ते का?"

सांगितलं. चार वाक्यांत संपलं. मला वाटलं होतं जास्त लागतील.

तिनं गाठ मारली, जरा घट्टच मारली.

मग पायलीभर ज्वारी डब्यात भरून घेतली आणि गिरणीकडं निघाली. मी म्हणलं, "डबा जड हाय, चंद्रप्पाला दे." म्हणली, "पहिलं दळण माझ्या हातून पडायचंय ना?" मी म्हणलं, "चाकाजवळ जाऊ नको." म्हणली, "मुंडासं घातलेलं न्हाई मी."

चतुराबाई ओट्यावर बसून बघत होती. मला म्हणली, "तोंड कुणाचं घेतलंय पोरीनं?" मी म्हणलं, "पिंगळीचंच असणार."

पीठ घेऊन आली तेव्हा ते अजून ऊन ऊन होतं. बाया म्हणत होत्या यंत्राचं पीठ मेलेलं असतं. मी मूठ भरून घेतली, डाव्या हातात. बराच वेळ धरून ठेवली.